एकुलत्या रानाचा हुरडा

बाळासाहेब आमच्या देवरूखच्या बँकेत बदलून आले आणि निवृत्त होईपर्यंत दर हिवाळ्यात त्यांनी आम्हाला हुरड्यावरून छळलं. डिसेंबर लागला की या माणसाला सुरमई गोड लागेना, सोलकढी उतरेना. समोर गिऱ्हाईक नोटा मोजत उभं असायचं आणि हे कॅशच्या खिडकीतून मला ओरडून सांगायचे, "सावंत, तुम्ही हुरडा खाल्ला नाही म्हणजे तुम्ही उगाच जगलात." त्यांच्या गावी म्हणे ओढ्याच्या दोन्ही अंगांना नजर पोचेल तिथवर ज्वारीच ज्वारी. कुणाच्याही रानात शिरा, गोवऱ्यांची आगटी पेटवा, कोवळी कणसं भाजा, तळहातावर चोळा आणि खा. आम्ही भाताची माणसं. पीक धड पिकायच्या आधीच खायला बसणं हे आम्हाला जरा उतावळेपणाचं वाटायचं, पण ऐकून ऐकून तोंडाला पाणी सुटायचं ते सुटायचंच.

गेल्या जानेवारीत शेवटी मी गेलो. गाव मंद्रूपच्या बाजूला आहे. नाव लिहायचं नाही असं बाळासाहेबांनी बजावलंय. हुरड्याच्या गावात पाहुण्याला हुरड्यासाठी वणवण करावी लागली, असं छापून आलं तर पुतण्यांच्या सोयरिकी अडतील, असं त्यांचं म्हणणं.

शुक्रवार, रस्त्यावर आणि ताटावर

सोलापूर स्टेशनवर बाळासाहेब जीप घेऊन हजर होते. निवृत्तीनंतर त्यांचं पोट पुढे आलंय आणि भाषा मूळ पदावर गेलीय. बँकेत "आहे, नाही" म्हणणारा माणूस इथे "हाय, न्हाय" करत होता आणि तेही दुप्पट मोठ्यानं. शहर संपल्यावर आमच्या पुढे उसाचा ट्रॅक्टर लागला. मागे दोन ट्रॉल्या, त्यावर घराएवढ्या उंचीचा ऊस आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी भोंगा, त्यातून सनई आणि ढोलकी एकाच वेळी. त्याला ओलांडून जाणं शक्य नव्हतं, त्यामुळे मला आजूबाजूचं रान नीट पाहता आलं.

"ते काय?" मी डावीकडे बोट दाखवलं.

"ऊस."

"आणि ते?"

"त्यो पण ऊसच. दुसऱ्या मानसाचा हाय."

"ज्वारी कुठाय?"

"थंडी कशी हाय यंदा देवरूखला?" बाळासाहेबांनी विचारलं. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

संशय आला तो रात्री जेवताना. ताटात शेंगाचटणी होती, झणझणीत वांगं होतं, दही होतं आणि चपाती होती. सोलापूर जिल्ह्यात, पाहुण्याच्या ताटात, चपाती! मी सुमनवहिनींकडे पाहिलं. वहिनी बाळासाहेबांच्या पत्नी. देवरूखला असताना त्यांच्या भाकऱ्या आमच्या अख्ख्या चाळीत प्रसिद्ध होत्या.

"बघताय काय भावजी?" त्या म्हणाल्या. "जवारी इकत आणावी लागती आता. गव्हापेक्षा म्हाग. सणावाराला अन् पाव्हण्याला करती भाकरी."

"मग मी कोण?"

"तुमी हुरडा खायला आलाय की! रोज भाकरी घातली तर हुरड्याला भूक ऱ्हाईल का?" एवढं बोलून त्यांनी नवऱ्याकडे अशी नजर टाकली की बाळासाहेबांनी पाण्याचा तांब्या रिकामा केला आणि मग सगळं बाहेर पडलं.

गावात ज्वारी नव्हती. आधी बोअर आलं, बोअरमागून ऊस आला. उसात बैलाला काम नाही, म्हणून बैल विकले. बैल नाहीत तर कडबा कशाला, आणि कडबा नको तर ज्वारी तरी कशाला? बाळासाहेब देवरूखला बसून ज्या रानांच्या बढाया मारत होते ती रानं त्यांच्याच धाकट्या भावानं कधीच मोडली होती. निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांना त्याचा पत्ता लागला, पण तोवर आमंत्रण देऊन झालं होतं. शिवाय नुसतं मलाच नव्हतं दिलं. सोलापूरच्या जुन्या बँकवाल्यांचं एक टोळकं रविवारी दोन गाड्या भरून हुरड्याला येणार होतं.

"अन् सगळं बैलावर ढकलू नका," वहिनी म्हणाल्या. "जवारी हातानं उपटायची असती भावजी. काढणीला तळहात सोलून निगायचं. ऊसाला काय, कारखान्याची टोळी येती अन् तोडून नेती. राखण न्हाय, काढणी न्हाय. मला तर ऊस लई आवडतो." त्यांचं म्हणणं मला पटलं. हुरड्याच्या बढाया नेहमी ज्यांचे हात सोलले नाहीत तेच मारतात.

गावात एकच रान ज्वारीचं होतं. ते नागूकाकूचं, म्हणजे बाळासाहेबांच्या चुलतीचं. तिचा आणि तिच्या मुलाचा, सिद्धूचा, भर चावडीसमोर करार झाला होता. ज्वारी खळ्यावर चार पोती पडली, म्हणजे घराला वर्षभराची भाकरी निघाली, तर रान काकूचं राहणार. एक शेर जरी कमी पडला तरी पुढल्या सालापासून त्यात सिद्धूचा ऊस. म्हणून काकू दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत रानात बसून असते आणि कुणाला एक कणीस देत नाही.

"पण एक हाय," बाळासाहेब पुढे सरकून म्हणाले. "आमच्या घरची रीत हाय. हुरड्याच्या दिवसांत बांधाच्या आत आलेला मानूस हुरडा खाल्ल्याबिगर जायचा न्हाय. काकू ती रीत कदी मोडणार न्हाय."

"मग अडलं कुठं?"

"ती कुणाला बांधाच्या आत येऊच देत न्हाय ना!"

शनिवार, ओढ्यानं वर

सकाळी आम्ही ओढ्याच्या काठानं चढायला लागलो. आमच्याकडे अशा ओढ्याला पऱ्या म्हणतात आणि जानेवारीत तो खळखळत असतो. हा ओढा मुकाट होता. पात्र चांगलं रुंद आणि खोल, यंत्रानं उकरलेलं, मधे सिमेंटचा बंधारा. बंधाऱ्यामागे पाण्याचं एक डबकं आणि डबक्यात पाण्यापेक्षा जास्त पाइप. काठावर पाणलोट विकासाचा गंजका फलक होता. त्यावर डोंगर, डोंगरावर झाडं आणि डोंगरावरून खाली येणारा निळा बाण. बाणावर कुणाचीतरी बनियन वाळत होती.

त्या बाणाचं पुढे काय झालं ते मला वाटेत कळत गेलं. पाणी वरून खाली येतं, असं मी शाळेत शिकलो होतो. इथे ते डबक्यातून आणि बोअरमधून पाइपात शिरत होतं आणि आमच्याबरोबर चढण चढत होतं. आम्ही दम खायला थांबलो तरी पाणी थांबत नव्हतं. शेवटी माळावर पोचल्यावर ते दिसलं. काळं प्लास्टिक अंथरलेलं, दोन-तीन घरं मावतील एवढं शेततळं, काठोकाठ भरलेलं. भोवती तारेचं कुंपण आणि कुंपणाच्या आत एक कुत्रं. सगळ्या शिवारातलं पाणी शिवाराच्या डोक्यावर नेऊन बसवलं होतं.

"हितं गवत हुतं," बाळासाहेब म्हणाले. "गुडघ्याएवढं. गावाची गुरं, धनगरांची मेंढरं, समदी हितंच." आता तिथे मुरूम फोडून सपाट केलेली जमीन होती आणि तिच्यावर द्राक्षाचे मांडव. गवत गेलं तसं पावसाचं पाणी थांबायचंही गेलं. सुटा मुरूम घेऊन ते धावत खाली जातं आणि बंधारा गाळानं भरून टाकतं. मग बंधारा उपसायला यंत्र येतं. यंत्रवाल्याचं घर गावात सगळ्यांत उंच आहे, हे बाळासाहेबांनी मला तिथूनच बोट करून दाखवलं.

खरं सांगायचं तर माळावरून ते शिवार फार देखणं दिसत होतं. उताराच्या तळापर्यंत हिरवंगार. मी मनातल्या मनात ऊसवाल्यांना नावं ठेवायची तयारी करून आलो होतो, ती जरा लांबणीवर टाकली. त्या हिरव्यात माळाच्या पायथ्याशी एकच फिकट तुकडा होता, आणि त्याच्यावर धुरासारखं काहीतरी वरखाली होत होतं.

"आग लागलीय का?" मी विचारलं.

"पाखरं," बाळासाहेब म्हणाले. "भोरड्या."

आम्ही खाली उतरलो. रान पन्नास पावलांवर आलं असेल नसेल, तोच माझ्या कानाजवळून काहीतरी सणसणत गेलं आणि मागच्या बाभळीवर आदळलं. मी खाली बसलो. बाळासाहेब बसले नाहीत, त्यांना सवय असावी.

"बांधाच्या भायेर!" ज्वारीच्या वरून आवाज आला. चार मेढींवर फळ्या टाकून माचा केला होता. त्यावर हिरवं इरकली लुगडं कमरेला खोचून, हातात गोफण घेऊन एक किडकिडीत म्हातारी उभी होती. "बाळ्या, थितंच हुबा ऱ्हा! कोन हाय संगं?"

"पाव्हणं हायती काकू. कोकनातनं आल्यात."

"भात खानारं व्हय?" तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं. "बसा की पाव्हणं. बांधावर बसा. पानी पिता का? बांधावर आणून देती."

माणूस म्हणून ती इतकी अगत्याची होती की मला हसू आवरेना. पाणी दिलं, गूळ दिला, बायकोमुलांची चौकशी केली, कोकणात लोक नुसते मासेच खाऊन राहतात का हे विचारलं. सगळं बांधावर. मी पाय जरा लांब केला तरी तिची नजर माझ्या टाचेवर. मधेच उठून ती पत्र्याचा डबा बडवायची आणि पाखरांवर कानडीत खेकसायची, "होग! होग!" मराठीत का नाही, असं मी विचारलं. "मराटीत ऐकत न्हाइती," ती म्हणाली.

तिच्या रानाची दशा तिनंच सांगितली. पूर्वी सगळं शिवार एकाच पंधरवड्यात ज्वारी पेरायचं. भोरड्यांचे थवे तेव्हाही यायचे, पण शिवारभर पांगायचे. प्रत्येकाचं थोडं थोडं जायचं, त्याचं कुणाला काही वाटत नसे. आता शिवारात दाणा आहे तो एवढ्याच तुकड्यात. ऊस पाखरांना खाता येत नाही. द्राक्षवाल्यांनी मांडवांवर जाळी टाकली आणि वर कार्बाइडची तोफ लावली. तोफ वाजली की तिकडचं पाखरू उठतं आणि काकूच्या ज्वारीवर येऊन बसतं. "तालुक्याचं जेवन माज्या घरी," काकू म्हणाली. रानाची ओलही गेली होती. माळावर मुरलेलं पाणी हळूहळू पाझरत तिच्या काळ्या मातीत यायचं आणि त्यावर ज्वारी पोसायची. आता ते वर प्लास्टिकात बसून होतं. पाखरांचं मुख्य कारण मात्र द्राक्षवाल्याच्या बायकोनं छपरावर लावलेली टीव्हीची छत्री हेच आहे, असंही तिनं मला खात्रीनं सांगितलं.

एवढ्यात सिद्धू मोटरसायकलवर आला. चाळिशीचा, दणकट, आईसारखाच धारदार नाकाचा. तोही बांधावरच थांबला. या हंगामात त्यानं रानात पाऊल टाकलं नव्हतं.

"सायेब, तुमीच सांगा अव्वाला," तो आईकडे बोट करून मला म्हणाला. "ह्या वयात दिसभर उनात हुबी ऱ्हाती. कुनासाठी? ऊस लावला तर घरात बसून खाईल का न्हाय? लोक मला म्हन्त्यात, आयला पाखरं हाकायला ठेवलीय."

"लोकांस्नी म्हन, माजी मी बसलीय," काकू माच्यावरून म्हणाली. "अन् तुज्या ऊसाला पानी कुटलं? तुजं बोअर गुळन्या करतंय म्हनं."

"कोन म्हनलं?"

"मला हितं ऐकू येतं."

पलीकडे सिद्धूच्या बोअरची मोटर चालू होती. पाइपातून पाणी येत होतं, मधेच थांबत होतं, फुरफुरत होतं आणि पुन्हा येत होतं.

भोरड्यांचा थवा परत वळला तेव्हा काकूनं मला हाक मारली. बांधावर बसून गूळ खाणाऱ्यानं काही काम करायला नको का? तिनं माच्यावरून दुसरी गोफण फेकली. दगड घालायचा, डोक्यावरून फिरवायचा आणि एक दोरी सोडायची, इतकं सोपं. मी फिरवली. दोरी सुटायच्या ऐवजी मीच सुटलो. गोफणीच्या मागोमाग गिरकी घेत मी बांधावरून घसरलो आणि ज्वारीत चार हात आत जाऊन आडवा पडलो. त्या क्षणी माझ्या पाठीला एक कोपर लागलं होतं असं मला अजूनही वाटतं. बाळासाहेब शपथेवर नाही म्हणतात.

मी उठलो. काकू माच्यावरून उतरली. माझ्या अंगाखाली मोडलेली ज्वारीची ताटं तिनं एकेक उचलून पाहिली.

"लागलं का?" तिनं विचारलं.

"नाही."

"आत आलात."

"चुकून आलो काकू. मी जातो."

"असं कसं जाल? बांधाच्या आत आलेला मानूस उपाशी गेला तर माजा सासरा वरनं काय म्हनंल?" ती कपाळाला हात लावून म्हणाली. "उद्या या. पाच कनसं. जास्त न्हाय. गवऱ्या तुमीच आणा."

मला फार लाज वाटली. आणि हेही खरं, की त्या लाजेच्या जोडीला तोंडाला पाणीही सुटलं होतं.

रविवार, आगटी

गोवऱ्या आणा म्हणणं सोपं आहे. गावात गाई होत्या, दारोदार होत्या, पण जर्सी, आणि त्यांचं शेण ट्रॉलीनं द्राक्षाच्या बागेला आधीच सांगून ठेवलेलं. गोवरी थापायला कुणाला सवड नाही, आणि घरोघरी गॅस. आम्ही सकाळी चार दारं फिरलो. एकीनं तर आम्हाला "कोन वारलं?" असं विचारलं. शेवटी मंद्रूपच्या एका पूजासाहित्याच्या दुकानात गोवऱ्या मिळाल्या. प्लास्टिकच्या वेष्टनात, बिस्किटांच्या आकाराच्या, वर ॐ छापलेला. बाळासाहेबांनी दुकानातली सगळी पुडकी उचलली. हुरड्याच्या गावचा माणूस शेण विकत घेताना मी पाहिला आणि देवरूखच्या सगळ्या हिवाळ्यांची भरपाई झाली.

दुपारी रानाशी पोचलो तर बांधावर दोन गाड्या उभ्या. सोलापूरचे बँकवाले गॉगल लावून, बायकापोरांसह ओळीनं उभे होते. काकू माच्यावर होती. गोफण हातात होती, पण तिनं फिरवली नव्हती. पोरांसोरांवर दगड कसा मारणार?

"थांबलात का?" बाळासाहेब लांबूनच ओरडले. "या की आत! काकू आपलीच हाय!"

आणि तो सबंध घोळका बांध ओलांडून आत गेला.

मला बाळासाहेबांचा इतका राग आला की मी त्यांच्या हातातली पुडकी हिसकावून घेतली. त्याचा काही उपयोग नव्हता. काकूनं एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली, माच्यावरून उतरली आणि विळा घेतला. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. रांगेतून फिरून तिनं दुधाळ दाण्याची कणसं निवडली आणि पदराचा ओटा भरभरून आणली. मी सिद्धूला शोधलं. तो बांधावर मोटरसायकलला टेकून उभा होता. मला वाटलं होतं तो हसत असेल, कारण प्रत्येक ओट्यागणिक तो जिंकत होता. पण तो हसत नव्हता.

खड्ड्यात ॐच्या गोवऱ्या पेटल्या. काकूनं कणसं निखाऱ्यात खुपसली, काढली आणि उघड्या हातानं पोत्यावर चोळली. फोलपट फुंकून माझ्या ओंजळीत हिरवे, गरम, वाफाळते दाणे टाकले. मी खाल्ले. काय सांगू? दुधासारखे गोड, आत मऊ, आणि धुराचा वास. शेंगाचटणीबरोबर दुसरी ओंजळ, मग दह्याबरोबर तिसरी. बाळासाहेब कॅशच्या खिडकीतून खोटं बोलत नव्हते. मी त्यांना मनातल्या मनात निम्मं माफ केलं.

"खावा, पोटभर खावा," काकू सगळ्यांना वाढत म्हणाली. "रीत ठावं हाय न्हवं? हुरडा खाल्लेल्यानं काढनीला यायचं असतं."

"येणार येणार!" घोळका हसून ओरडला. रीतीचा हा उत्तरार्ध बाळासाहेबांनी मला सांगितला नव्हता. त्यांच्या तोंडातला घास तिथेच थांबलेला पाहून मला बरं वाटलं.

आम्ही सगळे आगटीभोवती आणि माचा रिकामा. पाखरांना हे कळायला वेळ लागला नाही. वर तोफ धडाडली आणि माळावरून भोरड्यांचा थवा उठला. आकाशात एकदा वळला, दुसऱ्यांदा वळला आणि सगळाच्या सगळा रानाच्या पलीकडच्या अंगाला उतरला. कणसं वाकलेली इथून दिसत होती.

"अव्वा, पाखरं!" सिद्धू बांधावरून ओरडला.

काकूच्या दोन्ही हातांत जळती कणसं होती. ती नुसती वळून पाहत राहिली. आम्ही शहाणी माणसं टाळ्या वाजवायला लागलो. पाखरांनी आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

सिद्धूनं बांध ओलांडला. धावतच माच्यापाशी गेला, खाली पडलेली गोफण उचलली आणि फिरवली. चाबकासारखा कडाडून आवाज आला. थवा उठला. त्यानं दुसरा दगड घातला, तिसरा घातला, रानाच्या कडेकडेनं धावत, "होग! होग!" ओरडत पाखरांना पार ओढ्यापलीकडे घालवलं. दगड कुठे टाकायचा ते त्याला हातानंच कळत होतं. हे सगळं तो लहानपणी याच माच्यावर शिकला असणार.

परत आला तेव्हा घामाघूम झाला होता. काकूनं पोत्यावर कणीस चोळलं आणि ओंजळ पुढे केली.

"मला नगं," तो म्हणाला.

"बांधाच्या आत आलास."

त्यानं तळहात विजारीला पुसला. मग त्यानं हात पुढे केला आणि उभ्या उभ्या खाल्लं. दुसरं कणीस त्यानं स्वतःच निखाऱ्यातून काढलं.

फेब्रुवारी, काढणी

खाल्ल्या हुरड्याला जागून मी फेब्रुवारीअखेर पुन्हा गेलो. घरी सगळ्यांना वाटलं मला वेड लागलंय. दोन गाड्यांपैकी आले ते फक्त दोघे, त्यातल्या एकानं बागकामाचे हातमोजे आणले होते. बाळासाहेबांना वहिनींनी अक्षरशः ढकलत आणलं. सिद्धू आणि त्याची बायको पहाटेपासून रानात होती. ज्वारीचं ताट दोन्ही हातांनी धरायचं, कमरेतून जोर लावायचा आणि मुळासकट उपटायचं. दहा ताटांनंतर मला वहिनींचं उसावरचं प्रेम कळलं. वीस ताटांनंतर मी स्वतः उसाच्या बाजूचा झालो. संध्याकाळी बाळासाहेब तळहातावरचे फोड दाखवत गावभर फिरत होते. वहिनींनी त्या दिवशी भाकरी केली आणि त्यांच्या ताटात तीन वाढल्या.

दोन दिवसांनी मळणीयंत्र आलं. धूळ बसली आणि पोती भरली. एक, दोन, तीन. चौथं अर्ध्यावर थांबलं.

बाळासाहेब पुढे झाले आणि हळूच म्हणाले, "काकू, मी मंद्रूपास्नं अर्दं पोतं आणतो. कुनाला कळतंय?" माझ्या आठवणीत हा माणूस प्रथमच खजील झालेला दिसत होता.

"बाजारची जवारी माज्या पोत्यात?" काकू म्हणाली. मग सिद्धूकडे वळली. "कमी हाय. अर्दं पाखरांनी खाल्लं, अर्दं पाव्हण्यांनी. रान तुजं."

सिद्धू खाली पाहत होता. हातापायांना फुफाटा माखलेला. "आदी हातपाय धुवा समदी," तो कसाबसा म्हणाला आणि बोअरची मोटर लावायला गेला. बटण दाबल्याचा आवाज आला. पाइप घुरघुरला, फुरफुरला, ओंजळभर गढूळ पाणी बाहेर पडलं. नंतर नुसती हवा आली. सिद्धूनं मोटर बंद केली, चालू केली, पुन्हा बंद केली. हवा येतच राहिली. वर माळावरचं शेततळं कुंपणाच्या आत भरलेलंच होतं.

सिद्धूनं रान जिंकलं होतं, आणि त्यात ऊस लावायला पाणी नव्हतं. सिद्धूला टोमणा मारायची इतकी सुंदर संधी काकूला पुन्हा आली नसती. मी वाट पाहत होतो. ती उठली, माच्याखालची तिची प्यायच्या पाण्याची कळशी घेऊन गेली आणि म्हणाली, "हात कर फुडं." तो ओंजळ धरून उभा राहिला आणि ती वरून धार धरत राहिली. माझे डोळे भरून आले. मळणीचा धुरळा गेला असावा, असं मी बाळासाहेबांना सांगितलं.

नंतरच्या पावसात त्या बोअरला पुन्हा पाणी आलं, पण सिद्धूचा त्याच्यावरचा विश्वास काही परत आला नाही. परवा काकूच्या बांधावरूनच बाळासाहेबांचा फोन आला. सिद्धूनं काकूच्या रानात ज्वारीच पेरलीय. शेजारचा स्वतःचा उसाचा तुकडा मोडून त्यातही पेरलीय. आईवरच्या प्रेमानं वगैरे नाही, त्यानं सरळ हिशेब मांडला म्हणे. एका रानावर सगळी पाखरं येतात, दोन रानं असली तर निम्मी निम्मी येतील. त्याचं पाहून ओढ्यापलीकडच्या आणखी एकानं, ज्याचं बोअर आटलंय त्यानं, बांधाकडेनं चार ओळी टाकल्यात. वहिनी सिद्धूवर जाम चिडल्यात, कारण काढणीला त्यांनाच जावं लागणार.

मी म्हटलं, काकूला फोन द्या. पलीकडे पत्र्याचा डबा वाजत होता आणि कुणीतरी कानडीत ओरडत होतं. मी विचारलं, "काकू, जानेवारीत येऊ का हुरड्याला?"

"या की पाव्हणं," काकू म्हणाली. "तुमचंच घर हाय. पन बांधावरच हुबं ऱ्हावा."